फोन की ई-रीडर? शिरूर-दौंडच्या मराठी वाचकाने पैसे घालण्याआधी काय बघावं

किंडल पेपरव्हाइटचं नवं मॉडेल एप्रिल २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा त्याची किंमत १६,९९९ रुपये होती. एवढ्या पैशांत बरा फोन येतो, आणि फोन तर आपल्या हातात आधीपासूनच असतो. मग ज्यावरून कॉल लागत नाही, ज्याने फोटो निघत नाही आणि ज्यात व्हॉट्सअ‍ॅप नाही असं काळं-पांढरं यंत्र फक्त पुस्तकं वाचायला कशाला घ्यायचं? दुसरीकडे, फोनवर कादंबरी उघडली की दहाव्या मिनिटाला आपण रील बघत असतो, हाही रोजचा अनुभव आहे.

यूट्यूबवर याची शेकडो उत्तरं मिळतात. त्यातली बरीचशी इंग्रजी वाचणाऱ्यासाठी असतात. स्क्रीन कशी आहे, बॅटरी किती चालते, वजन किती, एवढ्यावर त्यांचा निकाल लागतो. मराठी वाचकाचा पहिला प्रश्न वेगळा असतो: मला जे वाचायचं आहे ते या यंत्रात उघडतं का? आणि उघडलं तर वाचता येतं का?

हे समजून घ्यायला पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे दोन तालुके सोयीचे आहेत. दौंडहून रोज रेल्वेने पुण्याला जाणारा नोकरदार, रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार, पोलीस भरती नाहीतर एमपीएससीची तयारी करणारा विद्यार्थी, रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणारा शेतकरी, सगळे इथे आहेत. वाचन चौघांचंही होतं, पण चौघांना एकच यंत्र उपयोगी पडत नाही.

आधी पुस्तकं कुठे आहेत ते शोधा

अ‍ॅमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर पाच भारतीय भाषांतली पुस्तकं आणली: हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम. तेव्हापासून मराठी कथा-कादंबऱ्या, अनुवाद, चरित्रं किंडलवर मिळतात. सगळी मात्र मिळत नाहीत. काही प्रकाशकांनी मोठी यादी दिली आहे, काहींनी मोजकीच पुस्तकं दिली आहेत, आणि कितीतरी चांगली मराठी पुस्तकं आजही फक्त कागदावर आहेत.

मराठी ई-पुस्तकांचं दुसरं मोठं दुकान म्हणजे पुण्याचं बुकगंगा. तिथे घेतलेलं ई-पुस्तक बुकगंगाच्याच अ‍ॅपमध्ये उघडतं. ते अ‍ॅप फोनवर चालतं, किंडलच्या यंत्रावर चालत नाही. म्हणजे तुमच्या आवडीच्या लेखकाची पुस्तकं बुकगंगावर असतील आणि किंडलवर नसतील, तर सतरा हजारांचं यंत्र घेऊन तुम्ही त्या लेखकापासून लांबच गेलात. स्टोरीटेलचंही तसंच. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात आलेल्या या सेवेने मराठी ऑडिओबुकचा मोठा श्रोतावर्ग तयार केला, पण ती फोनच्या अ‍ॅपमधूनच ऐकायची आहे.

फुकट आणि कायदेशीर मराठी पुस्तकंही भरपूर आहेत, आणि ती अनेकांना माहीत नसतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान गेली अनेक वर्षं मराठी ई-पुस्तकं मोफत देत आहे. बालभारतीची शालेय पुस्तकं ई-बालभारतीवरून उतरवून घेता येतात. राज्य शासनाचं ‘लोकराज्य’ मासिकही असंच मिळतं. यातलं बहुतेक सगळं पीडीएफमध्ये आहे, आणि ई-रीडरची खरी अडचण तिथेच सुरू होते.

म्हणून यंत्राची किंमत बघण्याआधी एक काम करा. येत्या सहा महिन्यांत तुम्हाला खरोखर वाचायची आहेत अशी पाच पुस्तकं कागदावर लिहा. चारचौघात सांगायला बरी वाटतात ती नकोत, खरोखर वाचणार आहात ती लिहा. प्रत्येकापुढे ते कुठे मिळतं ते टिपा: किंडल, बुकगंगा, पीडीएफ, ऑडिओ की फक्त छापील. पाचांपैकी तीन-चार किंडलवर निघाली तरच पुढचा विचार करण्यात अर्थ आहे. चार छापीलच निघाली, तर जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाची वर्गणी भरा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यभर गावोगाव अनुदानित वाचनालयं आहेत, आणि त्यांची वर्षाची वर्गणी या यंत्राच्या किमतीपुढे काहीच नाही.

पीडीएफचं गणित

स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी ई-रीडर घ्यायचा विचार करतात तेव्हा मनात साधारण हेच असतं: दिवसभर पीडीएफ वाचून डोळे दुखतात, ई-रीडरवर त्या कागदासारख्या दिसतील. घरच्यांकडून पैसे मागण्याआधी हे गणित करून बघावं.

पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच समजा. छापताना पान जेवढं ठरवलं तेवढंच ते राहतं. अक्षर मोठं केलं तर ओळ नव्याने जुळत नाही, अख्खं पानच मोठं होतं आणि स्क्रीनच्या बाहेर जातं. ए-फोर पानाची रुंदी २१ सेंटिमीटर. सहा इंची ई-रीडरची स्क्रीन उभी धरली तर सुमारे ९ सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे पान ४३ टक्क्यांवर आकसतं, आणि १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटचं दिसतं. औषधाच्या खोक्यात येणाऱ्या घडीच्या कागदावर असतं, साधारण तसं. सात इंची पेपरव्हाइटवर तेच अक्षर ६ पॉइंटचं होतं.

आता साडेसहा इंची फोन घ्या. उभा धरला तर तो जेमतेम पावणेसात सेंटिमीटर रुंद, म्हणजे ई-रीडरहून वाईट. पण आडवा धरला की रुंदी १५ सेंटिमीटर होते आणि तेच अक्षर साडेआठ पॉइंटचं दिसतं. ई-रीडरही आडवा करता येतो, पण सात इंचीसुद्धा १४ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. शिवाय फोनवर दोन बोटांनी पान मोठं-लहान करणं, सरकवणं क्षणात होतं. ई-रीडरवर दर वेळी स्क्रीन लुकलुकते आणि आपण वाट बघत बसतो. नकाशे, रंगीत तक्ते, दोन स्तंभांचा मजकूर असेल तर विचारूच नका. बालभारतीचं भूगोलाचं पुस्तक काळ्या-पांढऱ्या सहा इंची स्क्रीनवर उघडून बघितलं की मुद्दा लगेच कळतो.

थोडक्यात, ज्याचं वाचन मुख्यतः पीडीएफचं आहे त्याने सहा-सात इंची ई-रीडर घेऊ नये. त्याच पैशांत मोठ्या स्क्रीनचा साधा टॅब्लेट मिळतो. आणि ज्या नोट्स पुन्हा पुन्हा वाचायच्या आहेत त्यांचं उत्तर अजूनही झेरॉक्सच्या दुकानात आहे: पाठपोट प्रिंट आणि स्पायरल बायंडिंग. त्यावर पेनाने खुणा करता येतात, डोळ्यांना त्रास होत नाही, आणि अभ्यासिकेत चार्जिंगच्या पॉइंटसाठी भांडण होत नाही.

‘मोडलेली’ मराठी

पीडीएफचं रूपांतर करून ती ई-रीडरवर नीट वाहत्या मजकुरात आणता येते, असं सांगणारे व्हिडिओ आहेत. इंग्रजी पुस्तकाच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. मराठीत फसगत होते ती फॉन्टमुळे.

युनिकोड रुळण्याआधी, आणि छपाईच्या धंद्यात त्यानंतरही बरीच वर्षं, मराठी मजकूर श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप होत असे. त्यात संगणकाच्या दृष्टीने साठवलेली अक्षरं रोमन किंवा चिन्हांचीच असतात, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी चेहरा चढवतो. पीडीएफमध्ये तो चेहरा सोबत असतो म्हणून आपल्याला ‘शिरूर’ नीट दिसतं. रूपांतर केलं की चेहरा गळून पडतो आणि खालची कंस-टिंबं-इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. तुमच्याकडच्या पीडीएफचं काय आहे ते ओळखायची सोपी खूण: त्यातली एक ओळ निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःलाच पाठवा. मराठी आलं तर युनिकोड, भलतंच काही उमटलं तर ते पुस्तक जसं आहे तसंच वाचावं लागणार. काहीच निवडता आलं नाही, तर ती स्कॅन केलेली पानं आहेत.

ई-रीडरला आवडतो तो ईपब नावाचा प्रकार. यात मजकूर पाण्यासारखा असतो, जसं भांडं तशी ओळ. अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी पुन्हा जुळतात. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं ईपबमध्ये उतरवता येतात. तिथे स्वामित्वहक्क संपलेलं साहित्य असतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे साने गुरुजींचं (निधन १९५०) लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे, हरिभाऊ आपटे आणि राम गणेश गडकरी तर त्याच्या कितीतरी आधीपासून. किंडलवर स्वतःची फाइल पाठवायची सोय आहे आणि ती २०२२ पासून ईपब स्वीकारते. जुनं मराठी गद्य आवडणाऱ्याला ई-रीडर इथे खरंच फळतो, तेही पुस्तकावर एक रुपया न घालता.

ही शाईची स्क्रीन असते तरी काय

फोनची स्क्रीन स्वतः उजेड टाकते. ई-रीडरची तसं करत नाही. तिच्या काचेखाली केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्यांचा थर असतो. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात दोन तऱ्हेचे कण: पांढरे धन विद्युतभाराचे, काळे ऋण भाराचे. खालून विजेचा दाब बदलला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे खाली जातात. वर काळे आले तिथे काळा ठिपका दिसतो. दाब काढून घेतला तरी कण जागच्या जागी राहतात, म्हणून पान दिसत राहण्यासाठी वीज लागतच नाही, पान उलटतानाच काय ती लागते. अमेरिकेतल्या एमआयटीत या कल्पनेवर काम झालं, १९९७ मध्ये ई-इंक कंपनी निघाली, सोनीने २००४ मध्ये जपानात या स्क्रीनचं पहिलं वाचनयंत्र विकायला आणलं, आणि २००७ च्या नोव्हेंबरात पहिलं किंडल आलं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, उजेड जितका जास्त तितकं अक्षर स्पष्ट. एप्रिलमध्ये भर दुपारी बांधावर फोनची स्क्रीन बघायला हाताचा आडोसा करावा लागतो, ई-रीडर तिथे छापील पानासारखा दिसतो. दोन, अंधारात हा प्रकार मुळात काहीच दाखवत नाही. म्हणून आताच्या यंत्रांत कडेला बारीक दिवे बसवलेले असतात. त्यांचा उजेड डोळ्यांकडे न येता पानावर पडतो आणि तिथून परत येतो, कंदील पुस्तकावर धरावा तसा.

बॅटरीच्या जाहिराती मात्र जपून वाचा. ‘बारा आठवडे’ असं लिहिलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरांत रोज अर्धा तास वाचन धरलेलं असतं, वायफाय बंद ठेवून. गुणाकार केला तर बेचाळीस तास होतात. रोज तीन तास वाचणाऱ्याला दोन आठवडे पुरेल. तरीही हे फोनच्या मानाने खूपच आहे, आणि गावाकडे याचा फायदा वाचनापुरता नाही. रात्रपाळीच्या विजेवर मोटार चालू करून शेतात थांबलेल्या माणसाला फोनची बॅटरी टॉर्चसाठी आणि घरी फोन करण्यासाठी शिल्लक हवी असते. (शिरूर तालुक्यात बिबट्याचा वावर असलेल्या पट्ट्यात मात्र रात्री उसाच्या कडेला पुस्तकात डोकं घालून बसू नये, यंत्र कुठलंही असो.)

डोळ्यांचं आणि झोपेचं

ई-रीडर विकताना डोळ्यांची भीती घातली जाते. निळ्या प्रकाशाने डोळे खराब होतात, असं सर्रास सांगितलं जातं. अमेरिकेच्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं वेगळं आहे: स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते असा पुरावा नाही. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात म्हणून, आणि एकाच जवळच्या अंतरावर नजर खिळून राहते म्हणून. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा, हा सल्ला म्हणूनच दिला जातो. ई-रीडरवर वाचतानाही तो लागू आहे.

झोपेचा मुद्दा जास्त खरा आहे. २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात बारा जणांना काही संध्याकाळी आयपॅडवर आणि काही संध्याकाळी छापील पुस्तकावर झोपण्याआधी चार तास वाचायला लावलं. आयपॅडच्या दिवशी झोपेशी संबंधित मेलाटोनिन या संप्रेरकाचं प्रमाण घटलं आणि झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली. हे चार तासांचं आणि पूर्ण उजेडाच्या स्क्रीनचं मोजमाप होतं, हे लक्षात ठेवावं. मंद उजेडात वीस मिनिटं वाचणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही. माझ्या मते रात्रीची झोप प्रकाशापेक्षा वरून घसरत येणाऱ्या नोटिफिकेशनने जास्त जाते, आणि ई-रीडरचा सर्वात मोठा गुण हाच आहे की त्यावर कोणी ‘झोपलास का?’ असं विचारत नाही.

चाळिशी लागलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. अक्षर मोठं केलं की ओळी पसरतात आणि फोनच्या अरुंद स्क्रीनवर एका ओळीत जेमतेम तीन-चार शब्द बसतात. दर दोन सेकंदांनी नजर पुढच्या ओळीवर न्यावी लागते आणि वाक्याचा धागा सुटतो. सहा इंची ई-रीडर कर्णाच्या मापाने फोनपेक्षा लहान वाटतो, पण रुंदीला सव्वादोन सेंटिमीटरने जास्त असतो. निवृत्त आई-वडिलांसाठी घेत असाल तर मला सर्वात पटणारं कारण हे आहे. कादंबऱ्या वाचणारे, अक्षर मोठं लागणारे, जाड पुस्तक धरून मनगट दुखणारे वाचक. पेपरव्हाइटचं वजन २११ ग्रॅम आहे, म्हणजे एखाद्या फोनएवढंच.

दौंडची गाडी आणि शिरूरची एसटी

प्रवासात वाचणाऱ्यांची उत्तरं या दोन गावांत सरळ वेगळी निघतात.

दौंड हे जंक्शन आहे. पाटस, केडगाव, यवत, उरुळी, लोणी, हडपसर करत पुण्यात पोचायला पॅसेंजर गाडीला दीड तासाच्या आसपास लागतो. म्हणजे जायचे-यायचे तीन तास. दौंडलाच चढणाऱ्याला बसायला मिळण्याची शक्यता जास्त, यवतला चढणाऱ्याला दांडी धरून उभं राहावं लागतं, आणि तेव्हा एका हातात मावणारं आणि अंगठ्याने पान उलटणारं काहीतरी हवं. दोन्ही यंत्रं हे करतात. फरक पडतो तो तीन तासांच्या हिशोबात. आठवड्याचे पाच दिवस धरले तरी पंधरा तास होतात. यातला निम्मा वेळ जरी वाचनात गेला तरी मध्यम जाडीची एक कादंबरी आठवड्यात संपते. एवढं वाचणाऱ्याला फोनची बॅटरी, फोनचे कॉल आणि फोनचा मोह, तिन्ही अडतात. किंडलवर आपल्या आवडीची पुस्तकं आहेत हे तपासलेलं असेल, तर दौंड-पुणे पासधारकाने ई-रीडर घ्यावा असं मी बिनदिक्कत सांगेन.

शिरूरला रेल्वे नाही. घोडनदीच्या काठावरून पुण्याला निघालेली एसटी शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, वाघोली असा महामार्ग कापते, आणि यातल्या निम्म्या ठिकाणी वाहतूक तुंबलेली असते. ब्रेक, गचके, पुन्हा ब्रेक. चालत्या बसमध्ये वाचताना डोळ्यांना पान स्थिर दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही, आणि पोटात ढवळतं. रेल्वेत हा त्रास कमी होतो, कारण तिथे वळणं मोठी आणि गचके कमी. स्क्रीन शाईची असली म्हणून मळमळ थांबत नाही. शिरूरच्या प्रवाशाला, आणि रांजणगावच्या कंपनीच्या बसमध्ये पहाटे डोळे मिटून बसणाऱ्यालाही, ऑडिओबुक हेच खरं उत्तर आहे. त्याला फोन आणि बरे इयरफोन पुरेत. सतरा हजारांत ऑडिओबुकची वर्गणी कितीतरी वर्षं भरता येईल.

विकत घेतलं म्हणजे आपलं झालं का?

केडगाव दौंड तालुक्यातलंच. पंडिता रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं. १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, ते बाहेर आलं. त्यातली एखादी प्रत आज कुणाच्या कपाटात निघाली तर ती सरळ उघडते. पासवर्ड लागत नाही, छापणाऱ्याची परवानगी लागत नाही, आणि मालकाने ती शेजाऱ्याला दिली तर कोणी अडवत नाही.

ई-पुस्तकाचं तसं नसतं. ‘विकत घ्या’ असं बटण असलं तरी आपल्याला मिळतो तो वाचायचा परवाना. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादातून काही ग्राहकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं दूरवरूनच पुसून टाकली. त्यातलं एक ‘१९८४’ होतं, म्हणजे सरकार कागदपत्रं गायब करतं त्याचीच गोष्ट. कंपनीने नंतर माफी मागितली. पुढे २६ फेब्रुवारी २०२५ पासून घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात टाकण्याची सोयही अ‍ॅमेझॉनने बंद केली. हे फोनवरच्या अ‍ॅपलाही लागू आहेच. तिथेही पुस्तक दुकानाच्या खात्यात असतं, आपल्या कपाटात नसतं. म्हणून जी पुस्तकं पोरांच्या हाती लागावीत असं वाटतं ती कागदावर घ्यावीत, एकदा वाचून सोडून द्यायची ती ई-पुस्तकात.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफबद्दलही बोलायला हवं, कारण अनेकांचं ई-रीडरचं स्वप्न त्यांच्यावरच उभं असतं. हक्क शाबूत असलेल्या पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत वाटणं हा गुन्हा आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलेला आहे. ‘चॅनलमागे कोण ते कोणाला कळतंय’ हा भरवसाही आता राहिलेला नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं लिहिणाऱ्या एका लेखिकेच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये टेलिग्रामला अशा चॅनलवाल्यांची माहिती उघड करायला सांगितली. आणि व्यवहारापुरतं बोलायचं, तर या प्रती बहुधा तिरप्या स्कॅन केलेल्या, पानांच्या कडा काळवंडलेल्या असतात. ई-रीडरवर त्या फोनपेक्षाही वाईट दिसतात.

घेण्याआधी पंधरा दिवस

किंडलचं अ‍ॅप फोनवर फुकट मिळतं. ते टाका. आवडीच्या मराठी पुस्तकाचा सुरुवातीचा भाग नमुना म्हणून मोफत उतरवता येतो. तो आवडला तर पुस्तक घ्या आणि पंधरा दिवस फोनवरच वाचा. वाचताना नोटिफिकेशन बंद, उजेड खोलीएवढाच, पार्श्वभूमी किंचित पिवळसर. पुस्तक संपलं तर तुम्हाला यंत्राची गरज नाही, तुम्ही फोनवर वाचू शकणारे आहात आणि असे बरेच असतात. पुस्तक आवडूनही सारखे बाहेर पडत राहिलात, किंवा डोळे थकले, तर ई-रीडरने फरक पडेल. पुस्तकच उघडलं नाही, तर यंत्राने काही होणार नाही. सहा महिन्यांनी ते ओएलएक्सवर निघेल.

मधला एक फुकटचा मार्गही आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. घरात पडलेला जुना फोन घ्या, सिम काढा, सगळी अ‍ॅप उडवा. फक्त किंडल, बुकगंगा आणि पीडीएफ वाचायचं एखादं अ‍ॅप ठेवा. पुस्तकं वायफायवर उतरवून घ्या आणि मग वायफायही बंद करा. उन्हात तो ई-रीडरसारखा दिसणार नाही, बॅटरीही जुनीच राहील. पण लक्ष विचलित होण्याचा प्रश्न सुटतो, आणि मराठीची तिन्ही दारं, किंडल, बुकगंगा आणि पीडीएफ, एकाच ठिकाणी उघडी राहतात. अँड्रॉइडवर चालणारे शाईच्या स्क्रीनचे ई-रीडरही असतात, बूक्ससारखे, आणि त्यांवर ही अ‍ॅप घालता येतात. ते घेताना भारतात दुरुस्ती कोण करणार हे लेखी विचारून घ्या.

दुरुस्तीचा मुद्दा शहराबाहेर राहणाऱ्याला जास्त लागतो. फोनची काच फुटली तर शिरूरच्या किंवा दौंडच्या बाजारात तासाभरात बदलून मिळते. ई-रीडरची शाईची स्क्रीन नाजूक काचेवर असते, गर्दीत पिशवीवर कोणाचं कोपर टेकलं तरी आतून तडकू शकते, आणि तडकली की तालुक्याच्या गावात तिला हात लावणारं बहुधा कोणी नसतं. यंत्र घेतलंच, तर त्याच दिवशी पुठ्ठ्यासारखं कडक कव्हर घ्या. आणि गाडीत चढताना ते पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी ठेवू नका.